न विचारता बसवलेला कान

नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायकांसाठी झिव्का मावशीनं बल्गेरियातल्या प्लोव्दिव शहरात केंद्र काढलं होतं. मी तिच्याच हाताखाली काम करायचे. बायका बोलायच्या त्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर तिनं हट्टानं खुल्या कोडचाच, म्हणजे आतली मांडणी कुणालाही वाचता येईल असाच ब्राउझर घातला होता. "सगळं उघड्यावर आहे. चोर शिरला तर कुणीतरी ओरडेल," असं तिचं म्हणणं.

ओरडलं कुणीतरी, पण चोर शिरल्यावर. सोफियातल्या ओळखीच्या प्रोग्रामरचा फोन आला. नव्या अपडेटनंतर ब्राउझरनं आवाज ओळखणारा एक भाग गुपचूप उतरवून घेतला होता, आणि त्याचा कोड मात्र कुणालाच दिसत नव्हता. मावशीनं लगेच तपासलं. आमच्याकडेही तो होताच. पडद्यावर लिहिलेलं होतं: माइकला परवानगी, होय.

"होय कुणी म्हटलं? मी म्हटलं? तू म्हटलंस?" ती माझ्यावरच खेकसली.

त्याच खोलीत, त्याच टेबलाशी बसून केंद्रात आलेल्या सेव्दा नावाच्या बाईनं आपण पोरींना घेऊन कुठं लपणार ते सांगितलं होतं. मावशीनं तिला बोलावून घेतलं आणि काही न लपवता सांगून टाकलं.

"कुणी ऐकलंच असेल असं नाही गं. पण ऐकलं नाही, असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही मला."

सेव्दानं डोक्यावरचा रुमाल घट्ट केला. "म्हणजे घरी तेच, इथंही तेच," एवढं म्हणून ती उठली. नवी जागा तिनं आम्हाला सांगितली नाही.

पुढं सोफियात मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा मेळावा भरला; खुल्या कोडचे असले प्रोग्राम तपासून लोकांपर्यंत पोचवणारे हेच. ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीचा एक इंजिनियर तिथं आला होता. मावशी मला ओढतच घेऊन गेली.

"काकू, उगाच घाबरताय," तो हसत म्हणाला. "तुम्ही चालू करेपर्यंत तो भाग झोपलेलाच असतो."

"माझ्या घरात मला न विचारता माणूस आणून बसवायचा, आणि वर म्हणायचं तो झोपलाय? झोपायलाच आणलास का त्याला?"

सभागृहात हशा पिकला. मावशी गर्रकन मागं वळली. "दात काय काढताय? न बघता पुढं कुणी पाठवलं? तुम्हीच ना! कोड उघडा आहे म्हणून मिरवता, मग वाचायचं कुणी? माझ्या मार खाल्लेल्या बायकांनी?"



काही आठवड्यांनी कंपनीनं तो भाग काढून टाकला. 'वापरकर्त्यांच्या सूचनेनुसार' असं जाहीर झालं. ते वाचून मावशीचा पारा चढला. "सूचना? बोंब मारली होती मी, बोंब!"

कॉम्प्युटर तिनं त्या खोलीतून कायमचा हलवला. सेव्दाचं पुढं काय झालं, आम्हाला आजही ठाऊक नाही. नवी बाई आली की दारातच विचारते, "आत कुणी ऐकत नाही ना?" पूर्वी मावशी ताडकन "नाही" म्हणायची. आता तिला दातओठ खात म्हणावं लागतं, "मला माहीत असलेलं तरी कुणी नाही."