पब्लिक उडवलेला रस्ता

दादाची काळी-पिवळी जीप हसनाबादहून जालन्याला यायची. त्या जीपचे दोनच कायदे होते. भरल्याशिवाय निघायचं नाही, आणि कितीही भरलेली असली तरी कुणी हात दाखवला की थांबायचं. मी माहेरी जायचे ती त्याच जीपमधून, पुढच्या सीटवर, दोन माणसांच्या मध्ये चेंगरून. वाटेत इतक्या वेळा थांबणं व्हायचं की माझं डोकं फिरायचं. आता टपावर बसव लोकांना, असं मी म्हणायचे. दादा हसायचा आणि ब्रेक दाबायचा.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट आहे. सोयाबीन निघायचे दिवस होते. आमच्याकडे लोक सोयाबीन डांबरी रस्त्यावर पसरून ठेवतात, गाड्यांच्या चाकांखाली शेंगा फुटाव्यात म्हणून. त्या दिवशी अशाच एका ठिकाणी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या बाईंनी हात दाखवला. जीप थांबणार या हिशेबानं त्या दोन पावलं पुढे आल्या. जीप त्या सोयाबीनच्या काडावरून घसरत गेली आणि थांबली ती त्यांच्या पुढे जाऊन.

त्या बाई जागीच गेल्या. मी त्यांना ओळखत होते. एकदा त्यांनी जालन्यापर्यंत माझी पिशवी मांडीवर धरली होती आणि उतरताना मला दोन पेरू दिले होते. पंचनामा झाला, जबाब झाले. ड्रायव्हरची चूक नाही, असं त्यांच्या मुलानंही सांगितलं. पण गावात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, की जीपनं बाईला उडवलं. कुणी वाईट मनानं म्हणत नव्हतं. आपल्याकडे अपघाताला हाच शब्द आहे, तोच वापरत होते.

त्या दिवसापासून दादानं बोलणं सोडलं. म्हणजे हो, नाही, पाणी दे, एवढं बोलायचा. त्या दिवसाबद्दल मात्र एक अक्षर नाही. जीप घरासमोरच्या लिंबाखाली उभी होती, तिच्याकडे तो बघतसुद्धा नव्हता. शेवटी वहिनीनं त्याला माझ्याकडे जालन्याला आणून सोडलं. माझे यजमान तेव्हा बदलीवर परभणीला होते. घरी मी एकटीच, कचेरीत कारकुनी करणारी. डॉक्टर माझ्या घरापासून जवळ होते. जाताना वहिनी मला म्हणाली, ताई, एकदा बोलते करा त्यांना, मंग बाकीचं मी बघून घेते. त्यानंतर दर रविवारी संध्याकाळी ती गावातल्या कॉइन बॉक्सवरून फोन करायची आणि पहिला प्रश्न एकच असायचा, बोलले का?

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मलाही काही वाटत नव्हतं. लोक विचारायचे, भाऊ कसा आहे, आणि मी म्हणायचे, बरा आहे. ऑफिसात आलेल्या कागदावर शिक्का मारावा तसं मी ते उत्तर देत होते. दादाला गोळ्या द्यायचे, भाकरी टाकायचे, कचेरीत जायचे, परत यायचे. त्या बाईंचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला तर पेरू आठवायचे, चेहरा नाही. रडूही यायचं नाही. अंग बधिर झालं की चिमटा काढून बघतो, तसं मी स्वतःला अधूनमधून विचारायचे, काही होतंय का? काही होत नव्हतं.

दादा दिवसभर दिवाणावर बसून असायचा. एक दिवस मी बघितलं, त्याचा डावा हात दिवाणाच्या कडेला हलत होता. पुढे, मागे, थोडं बाजूला, परत पुढे. तो गिअर टाकत होता. त्याला स्वतःला ते कळत नसावं. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, हाताला काम द्या, पण रस्त्यावर न्यायची घाई करू नका. घरात बसून गाडी चालवायचं काम म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. यजमानांनी त्यांच्या ऑफिसच्या लिलावात एक जुना लॅपटॉप घेतला होता. वजनाला पाट्यासारखा, चालू व्हायला चहा उकळेपर्यंतचा वेळ घेणारा. त्यावर मी पत्त्यांचा डाव सोडून दुसरं काही खेळले नव्हते.

जालन्यातच मस्तगडला एक दुकान होतं. दुकानदार चाळिशीतला, आधी व्हिडिओ कॅसेट भाड्यानं द्यायचा, मग सीडी, आणि आता गेम ठेवायला लागला होता. मी लॅपटॉप त्याच्या काउंटरवर ठेवला आणि गाडी चालवायचा गेम पाहिजे म्हणाले. त्यानं मशीन उघडून इकडेतिकडे बघितलं आणि एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाशी बोलावं तशा आवाजात सांगितलं की याच्यात ग्राफिक कार्ड नाही, रॅम कमी आहे, नवा गेम हे बिलकुल घेणार नाही. जुन्यातलं काहीतरी बघावं लागेल.

पहिला गेम मी त्याच्याच पसंतीनं घेतला. लाल गाडी, मोठं शहर, मागे पोलीस. घरी नेऊन लावला आणि दादासमोर ठेवला. दादानं बाणांच्या बटणांवर बोटं ठेवली. गाडी सुसाट निघाली, भिंतीवर आपटली आणि काही झालंच नाही अशी पुढे पळाली. मग हवेत उडून एका पुलावरून पलीकडे पडली, तरी पळतच राहिली. दादानं बोटं उचलली.

"असं ऱ्हातं का कुठं?" तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

दोन महिन्यांतलं त्याचं ते सगळ्यात लांब वाक्य होतं. मी लगेच त्या वाक्यावर विसंबले. म्हणजे त्याला खोटी गाडी नको होती. जिला वजन आहे, जिचा ब्रेक दाबला की ती थोडं अंतर घेऊन थांबते, वळणावर वेग कमी केला नाही तर घसरते, अशी पाहिजे होती. मी परत मस्तगडला गेले. दुकानदार खूश झाला. म्हणाला, मंग तुम्हाला सिम्युलेशन पाहिजे, आधी सांगायचं ना. त्यानं काढलेल्या सीडीच्या कव्हरवर एक गाडी उलटी झाली होती, काचेचे तुकडे हवेत होते. याच्यात ॲक्सिडेंट एकदम असली दिसतो, तो कौतुकानं सांगू लागला, परत रिवाइंड करून चारी बाजूंनी बघता येतो. मी ती सीडी हातात धरून उभी राहिले. मला काही वाटलं नाही, फक्त तळहाताला घाम आला. दुसरं दाखवा, म्हणाले.

इथंच सगळी अडचण होती. खोट्या गाड्यांना धक्का लागत नव्हता, पण त्या दादाला चालत नव्हत्या. खऱ्यासारख्या गाड्यांमध्ये अपघातही खऱ्यासारखा होता, आणि तो मला चालत नव्हता. हे दुकानदाराला कसं सांगणार? मी एवढंच म्हणाले की गाडी खरी पाहिजे, धडक नको. गिऱ्हाईक वेडं आहे असं त्याला वाटलं असेल.

शेवटी त्यानं एक जुना रॅलीचा गेम लावून दाखवला. त्यात दुसऱ्या गाड्या नव्हत्या. आपली एकच गाडी, मातीचा रस्ता, चढ, वळणं, ओढे. गाडी दगडाला लागली तर नुसती बंद पडायची. गिअर हातानं टाकता येत होता. मला वाटलं, हा बरा आहे. तेवढ्यात एक वळण आलं आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी दिसली. बघायला आलेले लोक. गाडी जवळ येताच ते हात वर करून हलवायला लागले.

मी म्हणाले, हे नको.

दुकानदाराला वाटलं, गेम अडकतोय म्हणून मी नको म्हणतेय. खरंच अडकत होता. माणसं दिसली की लॅपटॉपला धाप लागायची आणि चित्र धक्के खात पुढे जायचं. तो म्हणाला, त्याचा इलाज आहे, सेटिंग लो वर टाकू.

"पब्लिक उडवून टाकू का, मॅडम?" त्यानं विचारलं. "पब्लिक उडवली की गाडी बराबर पळते."

गावात दोन महिने ऐकलेला शब्द त्या काउंटरवर पुन्हा समोर आला. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, नुसतं काढून टाकू का, असं तो विचारत होता. बाजूला एक गिऱ्हाईक कोरी सीडी मागत उभं होतं.

"उडवा," मी म्हणाले.

त्यानं चार ठिकाणी क्लिक केलं. माणसं गेली, झाडं गेली, कडेचं गवत गेलं. रिकामा तपकिरी रस्ता आणि वर सपाट निळं आभाळ एवढंच उरलं. दिसायला भिकार आहे पण चालेल, असं तो जरा शरमून म्हणाला. मला ते दिसायला फार चांगलं वाटलं होतं. एवढा कमी ताकदीचा लॅपटॉप घेतल्याबद्दल मी मनात यजमानांचे आभार मानले.

दादाला तो गेम चालला. दुपारी लाईट जायची तेव्हा बॅटरी असेपर्यंत, आणि लाईट आल्यावर परत, तो रिकाम्या रस्त्यावरून गाडी चालवत बसायचा. शर्यत होती, वर घड्याळ पळत होतं, पण त्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो जीप चालवायचा त्याच वेगानं चालवायचा. वळणाआधी गिअर कमी करायचा. आणि ब्रेकचं बटण दाबताना टेबलाखाली त्याचा उजवा पाय फरशीवर दाबला जायचा. मी कचेरीतून आले की तेच दृश्य. तो खेळतोय, मी भाकरी करतेय, दोघंही गप्प. वहिनीला मी फोनवर सांगायचे, बरा आहे, गाडी चालवतो. ती विचारायची, बोलले का? मी म्हणायचे, अजून नाही. मला वाटलं होतं, असंच चालू राहील आणि एक दिवस सगळं आपोआप बरं होईल. तसं वाटण्यात मला सोय होती.

एका रविवारी दुपारी मी डाळ निवडत बसले होते. दादानं गाडी रस्त्यात मधोमध थांबवली आणि माझ्याकडे न बघता विचारलं.

"बाई, या रस्त्यानं माणसं न्हाईत का?"

मी अर्धंच खरं सांगितलं. म्हणाले, आहेत म्हणे, पण लॅपटॉप जुना आहे, त्याला झेपत नाही. दुकानदारानं काढून टाकली. उडवली हा शब्द मी तोंडातून येऊ दिला नाही.

"टाक परत," तो म्हणाला.

मी म्हणाले की गाडी अडकेल. अडकू दे म्हणाला. मी म्हणाले, दादा, कशाला. त्यानं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मला त्याचा राग आला. इतक्या खटपटीनं मी त्याच्यासाठी एक रिकामा रस्ता शोधून आणला होता, आणि त्याला माणसं पाहिजे होती. रागाच्या भरात मी त्या चारही ठिकाणी क्लिक केलं आणि लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला.

गाडी निघाली. झाडं आली, गवत आलं. लॅपटॉपचा पंखा घरघर करायला लागला. पहिल्या वळणावर माणसं दिसली. चित्र धक्के खायला लागलं, माणसं जवळ येण्याऐवजी एकेका झटक्यानं मोठी होत होती. त्यांनी हात वर केले. मी डाळीचं ताट खाली ठेवलं. दादाला उठवावं, लॅपटॉप बंद करावा, असं मनात आलं, पण मी जागची हलले नाही.

दादानं गिअर कमी केला. परत कमी केला. त्याचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला, इतका की नखं पांढरी झाली. गाडी घसरली, थोडी तिरकी झाली, आणि त्या माणसांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. ती माणसं हात हलवत राहिली. वर घड्याळ पळत होतं. शर्यतीत मध्येच गाडी उभी करून ठेवणारं माणूस त्या गेमनं कधी पाहिलं नसेल.

"थांबली बघ," दादा म्हणाला.

"हो," मी म्हणाले. "थांबली."

त्यानं बटणावरून बोट काढलं नाही, फरशीवरून पायही उचलला नाही. पडद्याकडे बघतच तो म्हणाला, "त्या दिवशी बी दाबल्ता मी, बाई. पुरा दाबल्ता."

मी त्याच्याजवळ जाऊन बसले. मला त्या बाईंचा चेहरा आठवला. पेरू देताना त्या कशा हसल्या होत्या, तेही आठवलं, आणि मग मला रडू आलं. दादा रडला नाही. तो ब्रेक दाबून बसला होता.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला.

"बोलले का?"

"बोलला," मी म्हणाले. "त्या दिवशी ब्रेक पुरा दाबला होता, म्हणाला."

वहिनीनं नाक ओढलं.

"सांगा त्यांना," ती म्हणाली, "ते आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीतंय. घरी या म्हणावं."