वट्यावरून जाणारी सायकल

“त्या ट्रॅकवर कधी सायकल बघितलीस? तिथं फक्त जवळा सुकतो,” माझ्या पुढच्या खुर्चीतला लॉजवाला शेजारच्याच्या कानाशी वाकून म्हणाला, आणि दोघंही खांदे हलवत हसले.

माझी सायकल पंचायतीच्या त्याच हॉलबाहेर भिंतीला टेकवून ठेवली होती. तिच्या चाकांना जवळ्याचा वास येत होता. लॅबमधून तशीच ग्रामसभेला आले होते, आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांत मागच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची धरली होती. मला अशीच जागा आवडते. तिथून सगळे दिसतात आणि आपण कोणाला दिसत नाही.

गावातल्या समुद्रालगतच्या रस्त्याला शेजारच्या गावापर्यंत जाणारी सिमेंटची एक गुळगुळीत पट्टी जोडली गेली, त्याच वर्षी मला नोकरी लागली होती. शेजारच्या गावातल्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेण्याचं काम. रक्त द्यायला येणारी माणसं उपाशीपोटी येतात, त्यामुळे लॅब सकाळी लवकर उघडावी लागते. मुरुडची एसटी तोपर्यंत आलेली नसते, आणि सहा आसनी रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही. भरते तेव्हा तिच्यात नऊ-दहा माणसं असतात. मोठ्या रस्त्यावर खडीचे डंपर, आणि शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या. अम्मीने पहिल्या दिवशी ती पट्टी स्वतः चालून पाहिली, मग अब्बांना कुवेतला फोन लावला. मला तिने एवढंच सांगितलं, “ही वाट आहे तोवर जा. त्या रस्त्यावरनं मी तुला सोडणार नाही.” अम्मी बोलली की बोलली. नोकरी त्या पट्टीवर उभी होती.

पण ती पट्टी सायकलसाठी आहे हे कोळीवाड्यात कोणालाच माहीत नव्हतं. मासळी सुकवायला पक्का ओटा बांधून द्या, असे अर्ज कोळणी कित्येक वर्षं पंचायतीला देत होत्या. वाळूवर सुकवलेल्या जवळ्यात रेतीची कचकच येते आणि व्यापारी नाक मुरडतो. मग एक दिवस त्यांच्या दारासमोर, समुद्राच्या बाजूला, छान सिमेंट पडलं. त्यांनी काय समजायचं? त्यांनी ते पाण्याने धुतलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि आपापल्या घरासमोरचा तुकडा वाटून घेतला. मी सायकल धरून बाजूला उभी होते. त्यांच्यातल्या वयाने मोठ्या मावशींनी माझ्या हातावर खोबरं ठेवलं. “घे गो बाय. आयकलं शेवटी पंचायतीनं.”

मी खोबरं खाल्लं. हा ओटा नाही, सायकल ट्रॅक आहे, असं मी त्यांना सांगितलं नाही, आणि त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. त्या दिवशी त्या इतक्या खूश होत्या.

चूक त्यांच्या लक्षात आली ती रंगारी आला तेव्हा. त्याने आधी सगळीकडे हिरवा रंग मारला आणि मग पांढऱ्या सायकली काढायला बसला.

“आमच्या वट्यावर सायकल कशाला काढतोस रं?” मावशींनी विचारलं.

“मला चित्र सांगितलंय मावशी. कशाला ते सांगितलं नाही.”

“मग बारकी काढ. आमचा जवळा बसाया पायजे.”

त्याने खरंच जरा बारकी काढली. मावशींच्या घरासमोरची सायकल बाकीच्यांपेक्षा लहान आहे, आजही.

मावशींचं आणि माझं खरं बोलणं झालं ते एका शनिवारी. शनिवारी लॅब दुपारीच बंद होते. परत येताना बघते तर पट्टीभर जवळा पसरलेला, गुलाबी, चटचट वाळणारा. मी उतरले. घंटी वाजवावी की नाही हे मला ठरवता येईना. माझी शाळा इंग्रजी, तिथे मराठीत बोललं की दंड व्हायचा. घरात आमची वेगळी बोली. त्यामुळे अनोळखी माणसाशी मराठीत बोलायचं तर मी वाक्य आधी मनात जुळवते, आणि ते जुळेपर्यंत समोरचा निघून जातो. मावशी निघून गेल्या नाहीत. हातात खराटा घेऊन माझ्याकडे बघत राहिल्या.

“तोंड हाय का न्हाय तुला? जायाचं हाय तर बोल की!”

“जायचंय,” मी म्हटलं.

त्यांनी खराट्याने समुद्राकडच्या भिंतीच्या कडेचा जवळा सरकवला. सायकलच्या हँडलपुरती वाट झाली. पुढच्या घरासमोर पुढचीने सरकवला, तिच्या पुढच्या घरासमोर आणखी एकीने. खराट्यांच्या मागोमाग मी सायकल चालवत घरी आले. त्यानंतर शनिवारी ती वाट आधीच सोडलेली असायची. बाकीचे दिवस प्रश्नच नव्हता. मी सकाळी निघते तेव्हा ऊन आलेलं नसतं, आणि परत येते तोवर जवळा टोपल्यांत गेलेला असतो. शाळेच्या पोरीही माझ्या मागोमाग त्याच वेळी जातात. हे कोणी ठरवलं नव्हतं. लॅबमध्ये मात्र एकदा रक्त देताना एका आजोबांनी नाक वर करून विचारलं होतं, “आज डबा जवळ्याचा वाटतं?”

तर त्या दिवशीच्या ग्रामसभेत विषय होता, ट्रॅक कोणाच्या ताब्यात द्यायचा. बाहेरचा एक ठेकेदार पर्यटकांना भाड्याने सायकली द्यायला तयार होता. त्याला दोन्ही टोकांना गेट हवं होतं. गेट म्हटलं की कुलूप आलं, आणि कुलूप म्हटलं की चावी. मग सगळी सभा चावीवर येऊन बसली. चावी ठेकेदाराकडे. नको, पंचायतीच्या शिपायाकडे. शिपाई दुपारी झोपतो, मग मच्छीमार सोसायटीकडे. सोसायटीकडे दिली तर पर्यटकांनी काय होडीतून यायचं?

लॉजवाला उठला. “सरपंचताई, मी स्पष्ट बोलतो. सायकल चालवतंय कोण? किहीमला जा, गाड्या लावायला जागा आहे म्हणून पाव्हणा येतो. आपल्याकडे येतो, गाडी वळवतो आणि जातो. रंग खरवडा, पार्किंग करा. सगळ्या गावाचं भलं आहे.”

टाळ्या पडल्या. माझ्या डोळ्यांसमोर अम्मीचा चेहरा आला.

“आन् आमी जवळा तुझ्या गच्चीवर सुकवू व्हय?” मावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या.

“मावशी, तो ट्रॅक आहे. वटा नाही तो.”

“चित्र काढलं म्हणून वट्याचा ट्रॅक झाला? उद्या तुझ्या लॉजवर मी पापलेट काढते, मग काय तू बाजार होशील?”

हॉल हसला. लॉजवालाही हसला, पण बसला नाही. सरपंचताईंनी टेबलावर पेन आपटलं. “ते राहू द्या. ट्रॅक सायकलींसाठी मंजूर झालाय. वापरच नसेल तर पार्किंगचा विचार करावा लागेल. इथं सायकल चालवणारं कोणी आहे का?”

शाळेच्या पोरी सभेला येत नाहीत. मी बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळला. मनात वाक्य जुळवायला घेतलं, पहिला शब्द इंग्रजी आला, तो खोडला. तेवढ्यात पुढच्या रांगेतून मावशींनी मान मागे वळवली आणि हॉलमधल्या सगळ्या डोक्यांवरून थेट माझ्याकडे बघितलं. शनिवारी बघतात तसंच.

मी उठले. खुर्ची मागे सरकून दारावर आपटली आणि सगळे वळले. लॉजवाल्याने मला ओळखलं असावं. त्याच्या आईचं रक्त मीच घेते.

“मी चालवते,” मी म्हटलं. आवाज निघाला, आणि बरा निघाला. “रोज. मी सकाळी गेल्यावर या मावश्या जवळा पसरतात, मी यायच्या आधी उचलतात. शनिवारी मी लवकर येते, तर माझ्यापुरती वाट सोडतात. तिथं गाड्या लागल्या तर माझी नोकरी जाईल आणि यांचा जवळा परत वाळूत जाईल. गेट लावलंत तर आम्हाला रोज कोणाकडे तरी चावी मागावी लागेल. आजवर मागावी लागली नाही. गेट नको, पार्किंग नको. ठेकेदाराला सायकली आणू द्या, पण जवळा पसरलेला असेल तेव्हा कडेने चालवायला सांगा. आणि काय ते आज ठरवा, उद्या सकाळी मला तिथूनच जायचंय.”