यादीतलं शेवटचं गाणं

बँड मोडतो, सामान विकलं जातं, किस्से मात्र घरातच पडून राहतात. आमच्या ‘मुरूम रोड’चे एवढे किस्से साठलेत की रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यात चहाला बसलो की साहू भैया सुरू होतो आणि चहा थंड होतो. बँडमध्ये आम्ही तिघं: ड्रमवर साहू भैया, बेस गिटारवर मी, आणि गिटार वाजवत गाणारा विनू मेश्राम, रेल्वेतला. कॅसेटी ऐकून कंट्री-रॉकचं वेड लागलं होतं. गावाकडची गाणी, पण गिटारवर आणि जोरात, एवढंच आम्हाला त्यातलं कळलं होतं. विनू आता चहाला येत नाही.

पहिला कार्यक्रम तात्यापाऱ्यातल्या गणपतीत. मोठ्या हॅट, गुडघ्यापर्यंत बूट, सगळा थाट करून गेलो. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, स्टेजवर देव बसलाय, बूट खाली काढा. झालं! वर हॅट, खाली अनवाणी, अशी आम्ही दोन तास गाणी वाजवली. साहू भैयाचा अंगठा ड्रमच्या पेडलनं सोलून निघाला. समोरच्या एक काकू मात्र खूश होत्या. “पोट्टे चांगल्या घरचे दिसून राहिले,” म्हणाल्या.

तेव्हा रायपुरात फर्माईशीशिवाय कार्यक्रम होत नसे. लोक स्टेजवर चिठ्ठ्या पाठवायचे आणि त्या वाचायचं काम माझ्याकडे होतं. एका रिसेप्शनला साहू भैयाच्या ड्रमच्या तुकड्यासाठी अकरा चिठ्ठ्या आल्या. नावं अकरा, शाई एकच, हिरवी. भैयाचा साळा दुसऱ्या रांगेत पेन घेऊन बसला होता! विचारलं तर भैया म्हणतो, “प्यार करता है बेचारा, क्या करूं?”

त्या दिवशी मी नियम केला, घरच्यांची चिठ्ठी बाद. सरकारी नोकरीत होतो, नियम करायची भारी हौस.

विनूनं स्वतः एक गाणं केलं होतं, ‘छोटी लाईन’. धमतरीच्या नॅरोगेज गाडीला इथं सगळे छोटी लाईनच म्हणतात. विनूचे बाबा, मेश्राम काका, तिच्यावर गार्ड होते. गाणं घरच्या बोलीतलं. खरं सांगायचं तर आमचं म्हणावं असं तेवढं एकच गाणं आमच्याकडे होतं, बाकी सगळी उसनी. तेच मी वाजवू देत नव्हतो. इथं मराठी कोण समजते, आपलीच पोट्टी हिंदीत उत्तर देतात, असं म्हणायचो. विनू फारच मागं लागला तर सांगायचो, चिठ्ठी आली तर वाजवू. जे गाणं कुणी ऐकलंच नाही त्याची चिठ्ठी कोण पाठवणार? हे मला पक्कं माहीत होतं.

मेश्राम काका प्रत्येक कार्यक्रमाला यायचे. इस्त्रीचा शर्ट, तिसरी रांग. शेवटी मागे येऊन मला विचारायचे, “काहून जी, आमची गाडी आज बी लेट?”

“सिग्नल नाही भेटला, काका,” मी म्हणायचो. ते हसायचे. मीही हसायचो, याची आता लाज वाटते.

नवं राज्य झालं, रायपूर त्याची राजधानी झालं आणि सरकारी कार्यक्रमांची चंगळ झाली. एकदा तर मीच कबूल होऊन विनूचं गाणं दुसऱ्या नंबरावर घेतलं होतं. प्रमुख पाहुणे तीन तास उशिरा आले. अर्धं गाणं ऐकलं, तेही पहिलंच, जोरजोरात गिटार असलेलं, आणि उठले. जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “बहुत बढ़िया. भजन अच्छा था.” पाहुण्यांबरोबर माईकवालाही गेला. दुसरा नंबर राहिला तो राहिलाच.

मग छोटी लाईन शहरातून उखडणार, अशी बातमी आली. विनू तेव्हा पहिल्यांदा भांडला. “भाऊ, गाडीच बंद होऊन राहिली. आता नाही तर मग कधी?”

मी हो म्हटलं आणि गाणं यादीत सगळ्यात शेवटी टाकलं.

कार्यक्रम नवा रायपूरला होता, शहराबाहेर लांब वसवलेल्या सरकारी वस्तीत. रुंद रस्ते, ऑफिसं सुटलेली, निम्म्या खुर्च्या रिकाम्या. टेम्पोत ड्रम आणि आम्हीच कसेबसे मावलो, म्हणून काका बसनं आले. दुसरं गाणं संपताना एक चिठ्ठी आली. मी खालची सही पाहिली, मेश्राम. घरची चिठ्ठी. न वाचता खिशात टाकली. थोड्या वेळानं काका उठले, घड्याळ पाहिलं, स्टेजकडे पाहिलं आणि रस्त्याकडे चालू लागले. पाणी प्यायला गेले असतील, असं मला वाटलं.

सव्वासातला विनूनं ‘छोटी लाईन’ म्हटलं. तसा तो आधी कधी गायला नव्हता. अख्खं गाणं त्याची नजर तिसऱ्या रांगेतल्या त्या एका खुर्चीवर होती.

पुढचा कार्यक्रम व्हायच्या आधीच काका गेले. विनूनं गिटार उचलली नाही. तेराव्याला त्यानं मला विचारलं, “भाऊ, त्या दिवशी बाबा तुमच्यापाशी काही बोलले होते का?”

मी नाही म्हटलं.

चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. गार्डाचं अक्षर, सुबक, सरळ ओळीत: “आमची गाडी आज किती वाजता सुटते? माझी बस पावणेसातची, शेवटची. एखादा नंबर पुढे घेता आला तर पाहावे. मेश्राम, निवृत्त गार्ड.”