सीडीकाकू आणि अक्कांचा फुग्यांचा खेळ

धुकं असं की समोरच्या शिंप्याच्या दुकानाची पाटीही दिसेना. सीडीकाकूंनी शटर उचललं आणि ब्रशने एका कॉम्प्युटरच्या पंख्यातली धूळ झाडायला घेतली. पन्नाशी ओलांडलेली ही बाई कॉम्प्युटरचं दुकान एकटीने चालवते. जुने खेळ बसवण्यात तिचा हात धरणारा कोणी नाही.

तेवढ्यात शिंपीदादा लॅपटॉप घेऊन धावत आला. "काकू, सगळं मुसळ केरात!"

त्याच्या थोरल्या बहिणीला, अक्कांना, अर्धांगवायू झाला होता. डॉक्टरांनी सांगितलेला बोटांचा व्यायाम त्या करत नसत, पण माउसने फुगे फोडण्याचा एक जुना खेळ मात्र तासभर खेळत. उजवा हात हलायचा तो तेवढाच. खेळाची सीडी तडकली, पण काकूंनी आधीच तिची इमेज फाइल, म्हणजे हुबेहूब नक्कल, करून ठेवली होती. दादाने काल काय केलं, तर ती झिप फाइलसारखी उघडली, आतलं सगळं फोल्डरमध्ये ओतलं आणि मूळ फाइल उडवली.

"टरफल फेकलं, दाणे ठेवले," तो म्हणाला. "तरी खेळ म्हणतो, सीडी घाला! अक्का काल दुपारपासून हात मांडीवर टाकून बसल्यात."

"अहो शहाणे, खेळ टरफलालाच ओळखतो. त्या टरफलावर सीडीचं स्वतःचं नाव असतं, ते दिसल्याशिवाय तो दार उघडत नाही."

ते नाव कुणालाच आठवत नव्हतं. काकूंनी खेळाची मुख्य फाइल नोटपॅडमध्ये उघडली आणि त्या अगम्य अक्षरांच्या गर्दीतून सीडीचं नाव शोधत ओळीमागून ओळ बोट फिरवत गेल्या. चहा निवला. सापडलेली दोन नावं देऊन पाहिली, ती फुकट गेली. तिसरं देऊन फोल्डरची पुन्हा इमेज बांधली, ती कॉम्प्युटरला खरी सीडी म्हणून दाखवली, आणि पडद्यावर फुगे उडाले.

"अजून नाचू नका," काकू म्हणाल्या आणि स्वतः लॅपटॉप घेऊन रस्ता ओलांडून शिंप्याच्या दुकानात गेल्या; दादा मागोमाग.

अक्का शिलाईयंत्रामागे बसल्या होत्या. "एवढा वेळ? नवा शिवून आणलात की काय?"

"मापाचा आहे का, बघा तरी."

अक्कांनी उजवा हात माउसवर ठेवला. पहिला फुगा निसटला, दुसराही. तिसरा फुटला. "भावड्या, बाजूला हो, उजेड अडतोय!" त्या खेकसल्या. शिंपीदादा डोळे पुसत हसला.

परतताना काकूंनी नव्या चहासाठी कोपऱ्यावर दूध घेतलं आणि दुकानामागच्या शेगडीवर तापत ठेवलं. उतू जाऊ नये म्हणून तिथेच उभ्या राहिल्या.