शेवंतीची रिजेक्ट फुलं

वीसेक वर्षं कंपनीत पार्ट तपासले. हा पास, हा रिजेक्ट. शेवटी शेवटी घरी आलेल्या पाहुण्यांच्या शर्टाची बटणंही मी तपासायला लागले, तेव्हा राजीनामा दिला. महिनाभर मजेत गेला आणि परवा जुन्या साहेबांचा फोन आला, "मॅडम, परत या. उद्या संध्याकाळपर्यंत कळवा." घरात बसले असते तर निव्वळ भीतीपोटी हो म्हणाले असते. म्हणून काल सकाळीच स्कूटर काढली. बेत होता कारेगाव ते दौंड, एकटीने.

शिरूरपर्यंतचा रस्ता पाठच आहे. स्टँडजवळ मिसळ खाल्ली. तर्री मागून घ्या, आपणहून देत नाहीत. पुढे न्हावऱ्याकडे वळलं की गर्दी संपते, पण उसाचे ट्रॅक्टर लागतात. दोन-दोन ट्रॉल्या असतात, ओव्हरटेकची घाई करू नका. पारगावच्या पुलावर थांबून भीमा बघितली. या वेळी कुणालाच माझं काही काम नाही, याचं फार बरं वाटलं. आणि लगेच त्याचीच धास्तीही वाटली.

केडगाव, चौफुला मागे टाकून वरवंडच्या अलीकडे पोचले, तर रस्त्याकडेला शेवंतीचं पिवळंधमक शेत. फोटो काढत होते, तेवढ्यात तोडणी करणाऱ्या मावशींनी हाक मारली.

"फोटू काढा की, पर जरा हात बी लावा. टेम्पो यायचाय. कुठल्या तुम्ही?"

"कारेगावची."

"मंग कंच्या कंपनीत? तिकडं समद्या कंपन्याच की!"

"सध्या सुट्टीवर आहे," मी ठोकून दिलं.

मावशींनी फुलांचा ढीग माझ्यापुढे ओतला आणि क्रेट भरायला सांगून त्या पुन्हा सरीत शिरल्या. परत आल्या तेव्हा क्रेट अर्धाच भरला होता आणि माझ्या डाव्या हाताला दुसरा ढीग तयार झाला होता.

"ही का वं टाकली?"

"एका बाजूनं चपटी आहेत. आणि याला डाग आहे."

मावशी कमरेवर हात ठेवून खदाखदा हसल्या. "अगं बया! हाराला जायाची हायेत ती. दोऱ्यात गेल्यावर कुनाची चपटी बाजू बघतंय कोन? द्येवानं बी आजवर एक फूल माघारी धाडलं न्हाई!"

मलाही हसू आवरेना. मग खरं सांगून टाकलं: सुट्टी नाही, नोकरीच सोडलीय, आणि आता परत बोलावतायत.

"आन् जायाचं हाय का मनात?"

मी पुन्हा क्रेट भरायला लागले. मावशींनी माझा रिजेक्ट ढीग ओढून घेतला, बोलता बोलता हार ओवला आणि स्कूटरच्या हँडलला बांधला. पिठलं-भाकरी खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही. दौंड तसंच राहिलं. दिवस कलला म्हणून तिथूनच मागे फिरले. सगळ्या फेरीला पेट्रोल साधारण तीनशेचं लागलं.

घरी येऊन हार दाराला लावला आणि सवयीने त्यातली चपटी फुलं शोधायला लागले. बराच वेळ शोधली. एकही सापडेना. मग साहेबांना फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं.

"अहो, पण मग करणार काय?"

"दौंड बघायचं राहिलंय, सर."