पिशवीची तारीख ठरली होती

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी पडद्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा खडा. ज्वारीच्या दाण्याएवढा आहे, युरेटरमध्ये अडकलाय." युरेटर म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेणारी नळी.

मी विचारलं, "आणि पिशवी?"

"पिशवी चांगली आहे. छोटी गाठ आहे, पण या दुखण्याशी तिचा संबंध नाही."

मला हायसं वाटलं, पण त्याहून जास्त संताप आला. कारण पुढच्याच सोमवारी नांदेडला माझी हिस्टरेक्टॉमी, म्हणजे गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन ठरलं होतं.

आमचं घर नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरला. मुलीच्या कोचिंगसाठी मी लातुरात खोली करून राहते. माझ्यासारख्या आया इथे गल्लोगल्ली आहेत. आमच्या इमारतीत संडास खाली एकच, तोही कोचिंगच्या पोरांबरोबर. म्हणून दिवसभर पाणी घोटभरच प्यायचं, हे आम्हा बायकांच्या अंगवळणी पडलेलं.

सणाला गावी गेले तेव्हा दुखायला लागलं. कमरेतून कळ निघायची आणि ओटीपोटात उतरायची. नांदेडच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. त्यात गाठ दिसली, लघवीत रक्त सापडलं. मग त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "मुलं किती?" हे म्हणाले, "दोन." "मग आता पिशवीचं काय काम? टाका काढून."

दुखतं कुठून आणि जातं कुठे, हे मला कुणी विचारलंच नाही. तारीख ठरली तीही मुलीच्या टेस्टा बघून. अवयव माझा जाणार होता आणि घरात चर्चा चालली होती मुलीच्या डब्याची.

त्या डब्यासाठी माझ्या मोठ्या जाऊबाई, अक्का, माझ्याबरोबर लातूरला आल्या. मला धीर द्यायच्या, "भिऊ नको सुनंदा. माझी काढून लई वर्सं झाली. काय होत न्हाई."

त्याच आठवड्यात एका सकाळी कळ आली ती थांबेचना. उलट्या सुरू झाल्या. अक्कांनी रिक्षातून जवळच्या दवाखान्यात, तातडीच्या पेशंटांच्या कॅज्युअल्टीत नेलं आणि मॅडमना सांगून टाकलं, "पिशवीचं दुखणं हाय."

मॅडम म्हणाल्या, "त्यांना बोलू द्या."

मी सांगितलं. त्यांनी पाठीमागून कमरेवर हलकी थाप मारली तशी मी कळवळले. नळीतला खडा सोनोग्राफीत पुष्कळदा दिसत नाही, म्हणून त्यांनी साधा, रंगाचं इंजेक्शन न देता होणारा सीटी स्कॅन सांगितला. त्यात एक्स-रेचे किरण असतात, त्यामुळे दिवस गेले नाहीत ना, हे आधी तपासलं.

स्कॅन पटकन होतो. वेळ गेला तो यांना फोनवर पटवण्यात. "आधी नांदेडच्या डॉक्टरांना विचारू," हे एकच पालुपद. शेवटी मी दात आवळून म्हणाले, "पोट माझं आहे. फोन ठेवा." असं मी यांना कधीच बोलले नव्हते.

गोळ्या आणि भरपूर पाणी यांवर खडा पडून गेला. सोमवारचं ऑपरेशन मी स्वतः फोन करून रद्द केलं.

खोली करून राहणाऱ्या बायांनो, पाणी प्या. संडासाच्या रांगेत पोरं उभी असली तर असू देत. आणि पोटातलं प्रत्येक दुखणं पिशवीच्या नावावर खपवू देऊ नका. प्रत्येकीला स्कॅन लागतोच असं नाही, पण कापाकापीआधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवा आणि आपलं दुखणं आपल्या तोंडानं सांगा. मॅडमनी मला ते सांगू दिलं, याचे उपकार मी विसरणार नाही.

फेरतपासणीला अक्का सोबत होत्या. खड्याची कळ कमरेतून ओटीपोटात कशी उतरते, हे मॅडम मला समजावत होत्या. अक्का ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "बाई, पिशवी काढल्यावर बी असंच दुखतं का?"

"कुणाला दुखतं?"

"मला. आदी बी दुखायचं, आता बी दुखून राहिलंय."

मॅडमनी त्यांनाही टेबलावर घेतलं, थाप मारली आणि स्कॅन लिहून दिला. उजव्या नळीच्या तोंडाशी खडा निघाला, मूत्रपिंडावर जुनी सूज.

अक्कांना एकच मुलगी. दुसऱ्या लेकरासाठी त्या नवस बोलत होत्या, त्याच काळात त्यांची पिशवी काढली होती. रिपोर्ट हातात धरून त्यांनी मॅडमना विचारलं, "मग माझी कशापायी काढली?"

मॅडमनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.