दिवेलागणीचा विस्तव

अक्षर वाकडेतिकडे आहे, शुद्धलेखनही चुकेल, चौथीपर्यंतच शिकले मी. पण हे लिहायचेच आहे. आज सुनेने डासांसाठी गोवरी पेटवली आणि त्या धुराने गोंदियातली आमची गल्ली आठवली. फाळणीनंतर समोरच्या खोलीत एक सिंधी कुटुंब राहायला आले होते. बाईने तीन विटा मांडून चूल केली आणि दिवेलागणीला आमच्या दारात आली. "बहन, थोडी आग मिलेगी? बच्चे भूखे हैं." तेव्हा शेजारच्या विस्तवावरच चुली पेटायच्या. पण माझी आत्या दारात आडवी आली. "दिवा लागल्यावर इस्तू देत नाही आमच्यात. लक्ष्मी जाते." बाई रिकाम्या हाताने परतली. मी दहा वर्षांची, पाहुणे आले की धानाच्या कणगीमागे लपणारी. त्या दिवशी मात्र मी खापरीत गोवरीचा तुकडा ठेवला, वर दोन निखारे घेतले आणि निघाले. "काऊन नेऊन राहिली वं पोरी? नाही म्हटलं ना मी!" आत्या ओरडली. मी थांबले नाही. खापरी हाताला चटके देत होती, सगळी गल्ली बघत होती. त्यांची चूल पेटली तेव्हा तिची तीन लेकरे जाळ सोडून माझ्याकडेच बघत होती. घरी येताच आत्याने कान पिरगाळला. "धाडली ना लक्ष्मी घराबाहेर?" मी म्हणाले, "गेली तं जाऊ दे. समोरच्याच घरी गेली." कान दोन दिवस दुखला. दुसऱ्या संध्याकाळीही दिवा लागल्यावर मीच विस्तव नेला. चारचौघांत मला अजून बोलता येत नाही, पण ते एक वाक्य मी आजही मागे घेणार नाही.